सोयर ना सुतक

‘त्याचे मला काही सोयरसुतक नाही,’ असे आपण सहज बोलून जातो. सोयर जन्माचे, सुतक मरणाचे. ज्याच्या घरी पाळणा हलला वा माणूस गेले तरी आपल्याला विटाळ लागत नाही तो आपला कोणी नव्हे, इतका या शब्दप्रयोगाचा सरळ अर्थ. मग ज्याला आपण जन्मात कधी भेटलो नाही, ज्याने आपले नावही ऐकले नव्हते, अशा एखाद्या पुढाऱ्याच्या, नटाच्या किंवा गायिकेच्या मृत्यूने घशाशी आवंढा येतो, त्याला काय म्हणावे? तिथे सोयर नाही, सुतक नाही, शोक मात्र आहे. या शोकाला मराठीत वेगळा शब्द नाही. त्याला स्वतःचा विधीही नव्हता. गेल्या शंभर वर्षांत लोकांनी त्यासाठी जे विधी आपापल्या परीने घडवले, त्यांचा थोडा मागोवा येथे घेण्याचा आमचा विचार आहे.

जुन्या धर्मशास्त्राने दुःखाची मोजदाद फार काटेकोरपणे केली होती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सपिंडांना दहा दिवसांचे अशौच सांगितले आहे. रक्ताच्या नात्याबाहेरचे मोजकेच लोक त्या यादीत येतात. आचार्य गेले तर तीन रात्री. ज्याच्या राज्यात आपण राहतो तो राजा गेला तर त्या वेळचा प्रकाश असेपर्यंत. म्हणजे दिवसा वार्ता आली तर सूर्य मावळेपर्यंत, रात्री आली तर तारे विझेपर्यंत. राजासाठी एका दिवसाहूनही कमी, आणि गुरूसाठी तीन रात्री, हे प्रमाण मोठे बोलके आहे. पण वर्तमानपत्राचा संपादक, कवी, रंगभूमीवरचा नट, पडद्यावरचा नायक यांच्यासाठी या यादीत जागा असण्याचे कारणच नव्हते. छापखाना, रेल्वे, ग्रामोफोन आणि सिनेमा यांनी माणसाला हजारो अनोळखी आप्त मिळवून दिले, आणि ते आप्त जेव्हा मरू लागले तेव्हा त्यांचे काय करायचे हे कोणत्याच पोथीत सापडेना.

महाराष्ट्राला हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर पडला तो १ ऑगस्ट १९२० रोजी. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात मध्यरात्र उलटल्यावर लोकमान्य टिळक निवर्तले. सकाळपर्यंत रस्ते माणसांनी भरून गेले. लोकांना दर्शन घडावे म्हणून देह गॅलरीत बसत्या स्थितीत ठेवण्यात आला. ते छायाचित्र पुढे घराघरांत पोहोचले. देह पुण्यास न्यावा असा पुणेकरांचा आग्रह होता. मुंबईने तो मानला नाही. भर पावसात निघालेली यात्रा नेहमीच्या स्मशानाकडे न जाता गिरगाव चौपाटीकडे वळली आणि खास परवानगीने वाळूवर चिता रचली गेली. आज तेथे टिळकांचा पुतळा उभा आहे.

या दिवसाची एक हकीकत गांधीजींच्या चरित्रांत नोंदलेली आहे. ते खांदा देण्यास पुढे झाले तेव्हा त्यांच्या जातीवरून कोणीतरी हरकत घेतली. लोकसेवकाला जात नसते अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी खांदा दिला. मौलाना शौकत अलींनीही खांदा दिला. या छोट्या प्रसंगात आमच्या विषयाचे सारे मर्म आले आहे, असे आम्हांस वाटते. खांदा कोणी द्यायचा हे तोवर नाते आणि जात ठरवीत असत. त्या दिवशी तो हक्क गर्दीने आपल्याकडे घेतला, आणि जुना नियम व नवा शोक एकमेकांसमोर उभे ठाकले.

पण टिळकांचा शोक त्या गर्दीपाशी थांबला नाही. योगायोग असा की असहकाराच्या चळवळीचा आरंभ त्याच तारखेला ठरलेला होता. पुढच्या वर्षी काँग्रेसने ‘टिळक स्वराज्य फंड’ काढला आणि ३० जून १९२१ पर्यंत १ कोटी रुपये उभे करण्याचे ठरवले. त्या काळी ही रक्कम अशक्यच वाटावी अशी होती. ती उभी राहिली. बायकांनी दागिने दिले, गरिबांनी पैसा-आणा दिला. ज्यांना टिळकांचे सुतक लागत नव्हते, त्यांना टिळकांसाठी करायला काहीतरी मिळाले. दिवस घालण्याचा अधिकार नसलेल्या लाखोंनी आपल्या पद्धतीने त्यांचे दिवस घातले, असे म्हटले तरी चालेल.

असे करायला काही मिळाले नाही तर काय होते, याचे उदाहरण बंगालने पाहिले. ७ ऑगस्ट १९४१ रोजी कलकत्त्यातील जोडासाँकोच्या वाड्यात रवींद्रनाथ ठाकुरांचा अंत झाला. गर्दी वाड्यात घुसली. अंत्ययात्रेत लोकांनी कवीच्या दाढीचे आणि डोक्याचे केस आठवण म्हणून उपटून नेले, असे त्या काळच्या अनेक आठवणींत लिहिलेले आहे. पुत्र रथींद्रनाथ या लोंढ्यातून निमतल्याच्या घाटावर पोहोचूच शकले नाहीत. अग्नी दुसऱ्याच आप्ताने दिला. केस उपटणाऱ्यांचे रवींद्रनाथांवर प्रेम नव्हते असे म्हणण्यास आम्ही धजणार नाही. प्रेम होते, म्हणूनच ते आले. परंतु त्या प्रेमाला वाटा हवा होता. मेलेल्या माणसाचे वाटेकरी होता येते, तसे वारसही होता येते. वाटेकरी आपला हिस्सा उचलून निघून जातो. वारसाकडे मात्र मागे राहिलेली देणी येतात. लोकप्रिय माणसाच्या मृत्यूनंतर जमणाऱ्या प्रत्येक गर्दीला या दोहोंतील एक वाट धरावी लागते.

वारसाची वाट एखाद्या गर्दीने किती निखळपणे धरावी, हे पाहायचे तर दादरला यावे लागते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. नागपुरात १४ ऑक्टोबरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, त्याला दोन महिनेही झाले नव्हते. मुंबईत १६ डिसेंबरला असाच सोहळा व्हायचा होता. त्याऐवजी विमानाने त्यांचा देह आला, ‘राजगृहा’त ठेवला गेला, आणि ७ तारखेला गिरणगावातून माणसांचा समुद्र दादर चौपाटीकडे निघाला. गिरण्या ओस पडल्या होत्या.

अंत्यविधी बौद्ध पद्धतीने झाला. आचार्य अत्रे यांचे भाषण झाले. आणि चितेला अग्नी देण्यापूर्वी, त्या देहाच्या साक्षीने, भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. दीक्षा घेणाऱ्यांची संख्या लाखाच्या घरात होती, असे चरित्रकार सांगतात. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर त्रिशरण-पंचशील, असे हे दृश्य जगाच्या इतिहासात दुर्मीळच म्हटले पाहिजे. जो सोहळा नेता जिवंतपणी घडवणार होता, तो लोकांनी त्याच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी स्वतःच पार पाडला.

या घटनेचा अर्थ लावताना एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या स्मृतीतला अशौचाचा नियम आम्ही वर सांगितला, तिचेच दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाले होते. समाजाने ज्यांच्यावर जन्मापासून मरणापर्यंतचा विटाळ लादला, ज्यांना जणू आयुष्यभराचे सुतक दिले, ते लोक आपल्या सर्वांत प्रिय माणसाच्या मरणाने ‘विटाळले’ गेले नाहीत. त्याच क्षणी त्यांनी ती भाषाच नाकारली. शोकाचा हा नवा विधी होता, आणि तो शास्त्राची परवानगी घेऊन आला नव्हता. बाबासाहेबांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या पश्चात, १९५७ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे अनुयायांच्या हाती शोकाबरोबर एक वाचायचे पुस्तकही आले. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे येणारा माणूस शिवाजी पार्कवरच्या दुकानांतून पुस्तके घेऊन परततो, ही गोष्ट या परंपरेला धरूनच आहे. मराठीत एका ठिकाणी, इतक्या थोड्या वेळात, इतक्या साध्या माणसांकडून पुस्तके विकत घेतली जाण्याचा दुसरा प्रसंग आम्हांस ठाऊक नाही.

भाषेच्या अंगानेही थोडे पाहू. मराठी वर्तमानपत्रांना अशा मृत्यूच्या वेळी हमखास आठवणारा शब्द म्हणजे ‘पोरका’. महाराष्ट्र पोरका झाला, रंगभूमी पोरकी झाली, सूर पोरके झाले. या शब्दाची आपण थट्टा करतो, वर्गात मुलांना तो टाळण्यासही सांगतो. पण तो येतो कोठून? नात्यापलीकडच्या शोकासाठी भाषेने शब्द घडवला नाही, म्हणून बोलणाऱ्याला नात्याचाच शब्द उसना घ्यावा लागतो. आपल्या आवडत्या माणसांची नावेही आपण आधीपासून तशीच घेत आलो आहोत. बाबासाहेब, भाई, दीदी, दादा, गुरुजी ही सारी घरातली हाक मारण्याची नावे. जिवंतपणी ज्याला घरातला केला तो गेल्यावर घरातलेच सुतक धरावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. नवल एवढेच की घरातल्या मृत्यूनंतर बाराव्या-तेराव्यापर्यंत कामांची जी रांग लागते, आणि जिच्यामुळे माणूस हळूहळू सावरतो, ती रांग इथे नसते.

ती नसली म्हणजे काय घडते आणि असली म्हणजे काय घडते, हे शेजारच्या कर्नाटकाने एकाच घराण्याच्या दोन मृत्यूंत पाहिले. १२ एप्रिल २००६ रोजी बंगळूरला कन्नड चित्रपटांचे नायक राजकुमार निवर्तले. वयाने ते ७६ वर्षांचे होते. अंत्यदर्शनाची व्यवस्था कोलमडली, चाहते बिथरले. बसगाड्या जळाल्या, गोळीबार झाला, आठ जण दगावले. त्यांत एक पोलीसही होता. त्याच राजकुमारांनी नेत्रदान केले होते, ही बातमी त्या धुरात जवळजवळ दिसेनाशी झाली.

पंधरा वर्षांनी, २९ ऑक्टोबर २०२१ रोजी, त्यांचा धाकटा मुलगा पुनीत अवघ्या ४६ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. दुःख पूर्वीपेक्षा कमी नव्हते. काही चाहते धक्क्याने गेले, काहींनी जीव दिला, हेही नमूद केले पाहिजे. परंतु या वेळी दर्शनाची नीट व्यवस्था झाली आणि लाखो लोक शिस्तीने रांगेतून गेले. वडिलांप्रमाणे पुनीत यांचेही डोळे दान करण्यात आले आणि त्यांतून चौघांना दृष्टी मिळाली. ही बातमी या वेळी लोकांपर्यंत पोहोचली. पुढच्या काही आठवड्यांत कर्नाटकात नेत्रदानाचे अर्ज भरण्यासाठी माणसांची रीघ लागली. भाषा तीच, शहर तेच, घराणेही तेच. चाहत्यांचा स्वभाव पंधरा वर्षांत पालटला असे आम्हांस वाटत नाही. त्यांच्या शोकाला या वेळी एक काम सापडले.

आपल्याकडे ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर गेल्या, तेव्हा अंत्यसंस्कार शिवाजी पार्कवर झाले, चैत्यभूमीपासून हाकेच्या अंतरावर. केंद्राने दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. म्हणजे राजाच्या वेळी शास्त्राने दिले होते त्याहून अधिक. तेथे शाहरुख खान यांनी हात पसरून दुवा मागितली आणि रीतीप्रमाणे देहाच्या दिशेने फुंकर घातली. काहींनी त्यावरून गदारोळ केला, फुंकर घालण्याला थुंकणे म्हटले. बहुतेकांना त्या दृश्यात, शेजारी उभ्या असलेल्या बाईंच्या जोडलेल्या हातांसह, काही मंगल दिसले. १९२० साली खांद्यावरून निघालेली हरकत शंभर वर्षांनी दुव्यावरून निघाली, एवढाच काय तो फरक. ज्या आवाजाने कधी कोणाच्या घरी शिरताना जात विचारली नाही, त्या आवाजासाठी कोणी कसे रडावे याचे नियम सांगणारे आजही आहेत.

म्हणून शोक खरा की दिखाऊ, ही नेहमीची चर्चा आम्हांस फारशी उपयोगाची वाटत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांतले पाणी मोजण्याचे माप कोणापाशी असते? विचारायचे ते इतकेच की तो शोक कोणाला बाहेर ठेवू पाहतो आहे काय, आणि चौथ्या दिवशी त्याच्या हातात काही काम आहे काय. आम्ही साहित्य शिकवतो. लेखक गेला की आमच्या भोवती आठवणींचा पूर येतो, त्याच्यासोबतची छायाचित्रे निघतात, आणि त्याची पुस्तके मात्र ग्रंथालयाच्या कपाटात होती तशीच राहतात. शास्त्राने आचार्यासाठी तीन रात्री राखून ठेवल्या होत्या. एखाद्या आवडत्या लेखकाचे एक पुस्तक पुन्हा नीट वाचून काढायला साधारण तेवढाच वेळ लागतो.