रंगीत मुठीचे चाकू

पुसेगाव म्हटले म्हणजे बहुतेकांस साताऱ्याकडील सेवागिरी महाराजांचे पुसेगाव आठवते, आणि रथाच्या यात्रेला यंदा गर्दी किती होती, असा प्रश्न आम्हांस हमखास विचारला जातो. आमचे पुसेगाव ते नव्हे. ते हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून निराळा झाला. आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तर हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात मोडत होता. ही वंशावळ आरंभीच सांगून टाकतो, कारण आज ज्या वस्तूविषयी बोलावयाचे आहे तिचा आमच्या घरातला प्रवेश ह्याच वंशावळीतून झाला.

ती वस्तू म्हणजे खिशातला मिटता चाकू. वसंत व्याख्यानमालेत तह, लढाया आणि राजघराणी यांवर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही विषय कळविला तेव्हा चालकांपैकी एक गृहस्थ क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे शस्त्रास्त्रांचा इतिहास ना?" आम्ही म्हणालो, "नव्हे, पेन्सिल करण्याच्या चाकूचा." त्यांनी परवानगी दिली, हा त्यांचा मोठेपणा.

आमच्याजवळ असे चाळीसएक चाकू आहेत. कोणाची मूठ शिंगाची, कोणाची हाडाची, कोणाची पितळी. आणि बाकीच्यांच्या मुठी लाल, पिवळ्या, हिरव्या, काही तर बत्ताशाच्या दुकानातल्या खाऊप्रमाणे पट्ट्यापट्ट्यांच्या. पाहुण्यांची नजर प्रथम ह्या रंगीत मंडळींकडेच जाते. आमची पहिली नजर मात्र एका काळ्या, ओबडधोबड मुठीवर गेली होती, आणि तिच्यापासूनच ही गोष्ट सुरू करावी लागते.

तो आमच्या पणजोबांचा चाकू. पणजोबांकडे पटवारगिरीचे काम होते. घरात त्या चाकूस चाकू असे कोणी म्हणत नसे. त्याचे नाव कलमतराश. कलम म्हणजे लेखणी आणि तराशणे म्हणजे छाटणे. शब्द फारसी, आणि दप्तराबरोबर मराठीत आलेला. मोडी लिहावयाची ती बोरूने. बोरू म्हणजे एक वेताएवढा काडीचा तुकडा. त्याचे टोक तिरके छाटावे, मध्ये बारीकशी चीर द्यावी, आणि शाईत बुडवून चालू लागावे. उर्दू लिहिणारे कारकून ह्या अखेरच्या छाटीला कत म्हणत, आणि कारकुनाची पारख त्याच्या कतावरून होई. टोक लिहिता लिहिता झिजते, मऊ पडते, अक्षर फुगते. म्हणून दर थोड्या वेळाने पुन्हा छाटावे लागते. बोथट पात्याने बोरू पिचतो, छाटला जात नाही. तेव्हा गावच्या जमिनीचा हिशेब सुवाच्य राहणे हे अखेर दोन इंचांच्या पात्यावर अवलंबून होते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. विलायतेतही हेच. तिकडे पिसाची लेखणी, म्हणून तिच्या चाकूचे नाव पेननाइफ. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी टाके निघू लागले आणि हे काम संपले. नाव तेवढे उरले.

आता हे पाते कोठून येई? येथे आम्हांस थोडे दूर जावे लागेल. नांदेडच्या पलीकडे, आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात, कोनासमुद्रम नावाचे एक गाव आहे. तेथे लोखंड मातीच्या मुशीत घालून, मूस बंद करून, भट्टीत दीर्घकाळ तापवून पोलादाच्या वड्या काढीत. हेच ते जगप्रसिद्ध वूट्झ पोलाद. हेन्री व्हॉयसी ह्या भूगर्भशास्त्रज्ञाने ती भट्टी प्रत्यक्ष पाहून लिहिलेली हकीकत त्याच्या मृत्यूनंतर १८३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. तीत इस्फाहानहून पोलाद खरेदीसाठी येणाऱ्या एका व्यापाऱ्याचा उल्लेख आहे. इराणातून माणूस येतो, आणि आमच्या शेजारच्या जिल्ह्यातून वड्या बांधून नेतो! दमास्कसच्या नावाने जी पाती जगभर गाजली, त्यांच्या मुळाशी हिंदुस्थानचे पोलाद होते.

१७९४ साली मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट याने ह्या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले. १७९५ साली जॉर्ज पीअर्सनने त्यावर निबंध वाचला. लंडनमध्ये जेम्स स्टोडार्ट नावाचा चाकू व शस्त्रक्रियेची हत्यारे करणारा कारागीर होता. त्याला हे पोलाद इतके पसंत पडले की तो त्याची हत्यारे करू लागला. पुढे त्याच स्टोडार्टबरोबर काम करून मायकेल फॅरडे याने वूट्झचे पृथक्करण केले, आणि पोलादाच्या मिश्रधातूंवरील दोघांचा निबंध १८२० साली प्रसिद्ध झाला. विजेचा शोधक म्हणून आपण ज्यास ओळखतो, तो तरुणपणी आपल्याकडच्या पोलादाची वडी फोडून पाहत बसला होता, ही गोष्ट आमच्या शाळेत आम्हांस कोणी सांगितली नाही. शेफील्डच्या बेंजामिन हंट्समनने १७४० च्या सुमारास स्वतःची मुशीची रीत बसविली होतीच. तिकडचे कारखाने वाढत गेले, आमच्याकडच्या भट्ट्या एकोणिसाव्या शतकात विझत गेल्या, आणि त्या शतकाच्या अखेरीस शेफील्डचे चाकू मुंबईच्या बंदरात उतरून देशभर पसरले. मुठीसाठी तिकडे वापरले जाणारे सांबराचे शिंगदेखील पुष्कळदा इकडूनच गेलेले असे.

ह्या चाकूंत मान होता जोसेफ रॉजर्स यांचा. पात्याच्या बुडाशी एक तारा व एक क्रूस अशी त्यांची खूण. ती १६८२ साली प्रथम नोंदली गेली व पुढे ह्या घराण्याकडे आली. नावाचा दबदबा मोठा, म्हणून नकलाही तितक्याच. जर्मनीतील झोलिंगेन गावाहून इंग्रजी वाटणाऱ्या खुणांचा स्वस्त माल येऊ लागला, तेव्हा शेफील्डच्या लोकांनी आरडाओरड केली, आणि १८८७ साली विलायतेत मालावरील खुणांचा कायदा झाला. परदेशी मालावर देशाचे नाव घालणे भाग पडले. हिंदुस्थानात तसाच कायदा १८८९ साली आला. संग्राहकास ह्याचा उपयोग मोठा. "जर्मनीत तयार केलेला" अशी अक्षरे पात्यावर दिसली की तो चाकू बहुधा त्या कायद्यानंतरचा धरावा. उलट, देशाचे नाव नाही म्हणून चाकू फार जुना, हे अनुमान मात्र कच्चे. जुन्या बाजारातील विक्रेते नेमके हेच अनुमान आपल्या गळी उतरवीत असतात.

स्वदेशीच्या चळवळीत बंगालच्या कांचननगरच्या चाकूंचे नाव झाले. रामपूरचे चाकू पुढे हिंदी चित्रपटांनी गाजविले. खटका दाबताच उघडणाऱ्या त्या जातीपासून आम्ही दूरच राहिलो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील १९६२ च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची गणना शस्त्रांत केली होती. आमच्या संग्रहातले सर्वांत मोठे पाते चार इंचही भरत नाही. तरीही एकदा बसस्थानकावर पिशवी उघडून दाखविण्याचा प्रसंग आला, आणि चाळीस चाकू घेऊन फिरणाऱ्या वृद्ध माणसाला समजावून सांगावयास जो वेळ लागतो तो लागलाच.

आता रंगांविषयी. जॉन हायट ह्या अमेरिकनाने १८७० साली ज्या पदार्थाचे पेटंट घेतले त्याचे नाव सेल्युलॉइड. बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. हत्ती परवडेना म्हणून पर्याय शोधताना हा पदार्थ हाती लागला. नत्राम्लाने संस्कारलेला कापूस आणि कापूर, एवढीच त्याची मुख्य सामग्री. हा आपला देवघरातलाच कापूर! आजही जुन्या चाकूची मूठ सेल्युलॉइडची आहे की नाही हे पाहावयाचे तर ती अंगठ्याने जोरात चोळावी. ऊब येताच कापराचा वास सुटतो. ह्या पदार्थास हवा तो रंग देता येई. कासवाच्या पाठीची नक्कल, शिंपल्याची नक्कल, संगमरवराची नक्कल, आणि ज्याची नक्कल निसर्गात कोठेच नाही असे लाल-पिवळे पट्टे. गरिबाच्या खिशात रंग आला तो ह्या वाटेने. त्याच काळात त्याच पदार्थाच्या फण्या, बाहुल्या निघाल्या. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा "राजा हरिश्चंद्र" ज्या फितीवर उतरला तीही ह्याच कुळातली.

ह्या कुळाचा एक दुर्गुण आहे, आणि तो आम्ही फार महागात शिकलो. सेल्युलॉइड म्हातारे झाले की कुजते, आणि कुजताना आम्लाची वाफ सोडते. आमच्या संग्रहाच्या आरंभीच्या दिवसांत आम्ही सगळे चाकू एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, हवा लागू नये म्हणून झाकण घट्ट लावून ठेवले होते. मध्ये दोन पावसाळे गेले. डबा उघडला तेव्हा नाकात झणका शिरला. एका पिवळ्या मुठीला बारीक तडे जाऊन तिचा भुगा झाला होता. तिच्या पितळेवर हिरवे कीट चढले होते. आणि तिला लागून ठेवलेल्या पणजोबांच्या कलमतराशीचे पाते तांबेऱ्याने खाल्ले होते.

घासून, तेल लावून ते पाते आम्ही वाचविले. पण बुडाशी जी खूण होती ती गेली. आमच्या घरात अशी समजूत होती की पणजोबांनी तो चाकू हिंगोलीच्या छावणीतील लिलावात घेतला. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, आणि १९०३ साली ते सैन्य भारतीय सैन्यात मिळवून छावणी उठविण्यात आली, हे इतिहासास धरून आहे. तेव्हा लिलाव झाला असणे शक्य आहे, साहेबाचा चाकू पटवाऱ्याकडे येणेही शक्य आहे. परंतु मूठ पाहिली तर ती म्हशीच्या शिंगाची, खिळे हातचे, आणि एखाद्या शिकलगाराने किंवा घिसाड्याने गावातच बसवून दिल्यासारखे. पाते शेफील्डचे आणि मूठ गावची? की सगळेच गावचे, आणि लिलाव ही केवळ घराण्याने स्वतःस घातलेली एक झूल? ती खूण असती तर उत्तर मिळाले असते. शिसपेन्सिलीने घासून तिचा ठसा कागदावर उतरवून घ्यावयास पाच मिनिटे लागली असती. ती पाच मिनिटे आम्ही काढली नाहीत.

ज्यांस असे काही जमविण्याची हौस असेल त्यांस म्हणून सांगतो: सेल्युलॉइडच्या मुठी निराळ्या, उघड्या हवेत ठेवाव्या, एकमेकींस लागू देऊ नयेत. दिव्याजवळ तर मुळीच नेऊ नयेत, त्या भडकन पेटतात. हस्तिदंताची मूठ कोणी विकावयास आणली तर हात जोडावे. १९७२ चा वन्यजीव अधिनियम पुढे कडक होत गेल्यावर तो व्यापार आपल्याकडे बंद झालेला आहे. आणि प्रत्येक चाकू कोठे, कोणाकडून मिळाला ते त्याच दिवशी वहीत टिपावे.

पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), म्हणजे कवी "अज्ञातवासी", यांनी १९२० च्या सुमारास जमवाजमव सुरू केली. दिवे, अडकित्ते, भांडी, दारे, वाद्ये. १९६० पर्यंत सुमारे १५,००० वस्तू झाल्या, आणि १९७५ साली त्यांनी तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहालयास नाव आहे त्यांच्या बालपणीच निवर्तलेल्या राजा ह्या मुलाचे. तेथील अडकित्ते आम्ही तासभर पाहत उभे होतो. पोपटाचे, घोड्याचे, जोडप्याचे अडकित्ते. सुपारी कातरण्यास पोपटाची गरज नाही. तरी कोणा कारागिराने तो केला, आणि कोणी तो पानाच्या डब्यात ठेवून मिरविला. केळकरांआधी ह्या वस्तू मोडीतच जात होत्या. चाकूंना असा कोणी केळकर मिळाला नाही. आमची योग्यता तेवढी नाही, हे डब्याच्या हकीकतीवरून आपल्या ध्यानात आलेच असेल.

आणखी एक प्रसंग सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी हिंगोलीच्या बाजारात एक वृद्ध धनगर जमिनीवर बसून वाळूक कापत होता. त्याच्या हातात लाल-पिवळ्या पट्ट्यांची मूठ होती, एकही तडा नसलेली. रोज हाती राहून, हवा लागून ती टिकली होती. पाते झिजून झिजून दाभणाएवढे उरले होते. आम्ही शेजारी टेकलो, इकडचे तिकडचे बोललो, आणि किंमत विचारली. तो हसला. आम्ही आकडा वाढविला. नवा चाकू वर देऊ, असेही म्हटले. त्याने पाते धोतराला पुसले आणि विचारले, "मास्तर, तुम्ही नेऊन काय करणार त्याचं?"

"जपून ठेवणार," आम्ही म्हणालो.

"अन् म्या काय करतोय मंग?" असे म्हणून त्याने वाळकाची एक लांब फोड कापली, तिला मीठ लावले, आणि चाकूच्याच टोकावर धरून आमच्या पुढे केली. आम्ही ती खाल्ली. मग वही काढली, आणि त्याच्या परवानगीने मुठीचे पट्टे मोजून उतरवून घेतले: सहा लाल, पाच पिवळे. बुडाची खूण आम्ही ह्या खेपेस पेन्सिलीने कागदावर घासून घेतली. अक्षरे अर्धीच उमटली आहेत.