दोन कार्डांचा ताप

परवा गोराईत भाच्याच्या गेमिंगच्या संगणकाला हात लावला, तर चटकाच बसला! आत दोन ग्राफिक्स कार्डं खेटून बसलेली. खालच्याची गरम हवा वरचं ओढतंय.

हा ताप जुनाच. १९६०मध्ये मुंबईत टीआयएफआरने सुरू केलेल्या ‘टिफ्रॅक’मध्ये सुमारे २७०० निर्वात नळ्या तापायच्या. १९८५चा क्रे-२ तर चक्क द्रवात बुडवलेला. १९९८च्या व्हूडू-२ने दोन कार्डांची जोडी घराघरात आणली, २००४मध्ये एनव्हिडियाने ती पुन्हा जमवली. आज नव्या गेम्सना मात्र दुसरं कार्ड बहुधा लागतच नाही.

म्हणजे सगळ्यात स्वस्त उपाय एकच: एक कार्ड काढणं. पण दुसरं त्याने सुट्टीत शिकवण्या करून घेतलंय. ‘काढ’ म्हणायला माझी जीभ रेटेना. मग दोघांत जागा सोडली, समोर पंखा लावला, खाडीच्या दमट हवेने चिकटलेली धूळ झटकली.

‘मामा, आता चालेल ना?’

चालेल रे.