लिंगनिरपेक्ष सर्वनामे (तांत्रिक लेखनातील)

सूचनापुस्तिका व संगणकीय दस्तऐवजांत वापरकर्ता स्त्री की पुरुष हे न सुचवणारी सर्वनामे. इंग्रजीत एकवचनी ‘दे’ (they) चौदाव्या शतकापासून आढळते. ब्रिटिश संसदेच्या १८५० च्या कायद्याने मात्र कायद्यांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही गृहीत धरल्या. पुस्तिकांतही पुल्लिंगी ‘ही’ (he) दीर्घकाळ रूढ होते.

२०१३ मध्ये ‘लिबयूव्ही’ या मुक्तस्रोत संग्रहातील एका टिप्पणीतले पुल्लिंगी सर्वनाम बदलण्याची दुरुस्ती नाकारली गेली. बदल एवढासाच, पण वाद मोठा झाला (पहा : मुक्तस्रोत प्रणाली). अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनशैलीने २०१९ मध्ये एकवचनी ‘दे’ स्वीकारले. मायक्रोसॉफ्टची शैलीपुस्तिका मात्र एकवचनी ‘दे’कडे वळण्याआधी द्वितीय पुरुष किंवा अनेकवचन सुचवते.

मराठीत सर्वनाम टाळले तरी ‘वापरकर्ता निवडतो’ यातले क्रियापद लिंग उघड करतेच. ‘पर्याय निवडा’ हा आज्ञार्थ ते झाकतो (पहा : आज्ञार्थ).