समुद्रकांठचा हिवाळा

समुद्रकांठचें गांव म्हटलें कीं आपल्या डोळ्यांसमोर ऊन, वाळू आणि लाटांत खेळणारीं मुलें उभीं राहतात. परंतु इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील गांवांचा इतिहास पुष्कळसा बंद खिडक्यांच्या आंत घडलेला आहे. तिकडे डिसेंबरांत दुपारीं चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि वारा असा सुटतो कीं हातांत छत्री ठरत नाहीं. अशा दिवसांत माणसें सहकुटुंब समुद्रावर जाऊन करीत तरी काय? प्रश्न साधा आहे. परंतु त्याचें उत्तर शोधूं गेल्यास एका समाजाचें समुद्राशीं असलेलें नातें कसकसें पालटत गेलें, तें दिसून येतें.

आरंभीं माणसें तेथें जात तीं मुख्यतः औषधासाठीं. डॉ. रिचर्ड रसेल यांनीं १७५० सालीं समुद्राच्या पाण्याच्या गुणांवर लॅटिन भाषेंत एक प्रबंध प्रसिद्ध केला. हें पाणी अंगावर घ्यावें आणि पोटांतहि घ्यावें, असा त्यांचा उपदेश होता. थंड पाण्यांत गुण अधिक, अशी समजूत असल्यामुळें हिवाळा वर्ज्य नव्हता. १७८२ च्या नोव्हेंबरांत फॅनी बर्नी ही कादंबरीकर्त्री थ्रेल कुटुंबांतील आई व तिच्या तीन मुली यांच्याबरोबर सकाळीं सहाला उठून चंद्रप्रकाशांत ब्रायटनच्या समुद्रांत उतरली होती. परंतु स्नान थोड्या वेळाचें. उरलेला दिवस कसा काढावयाचा?

त्यासाठीं वर्गणीचीं वाचनालयें निघालीं. तेथें कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रें तर असतच, शिवाय पत्ते आणि संगीतहि असे. मोठ्या खाणावळींना जोडून नृत्यशाळा बांधल्या गेल्या. पुढें राजा झालेल्या चौथ्या जॉर्जनें ब्रायटनला घुमटांचा एक विलक्षण प्रासाद उभारला. १८१७ च्या जानेवारींत तेथें कारेम या फ्रेंच आचाऱ्यानें शंभरांहून अधिक पदार्थांची मेजवानी सजविली. १८२३ च्या डिसेंबरांत रोसिनी हा इटालियन संगीतकार तेथें राजापुढें गायिला. याच गांवांत पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनीं वाफेचें स्नानगृह काढलें होतें. आपल्याकडील चंपी तेथें औषधोपचार म्हणून इतकी मान्य झाली कीं राजानेंहि त्यांना आपल्या पदरीं नेमलें. मात्र ह्या साऱ्या ऊबदार खोल्यांत शिरावयास हातीं एक तर निमंत्रण असावें लागे, नाहीं तर पैसा.

१८४१ सालीं लंडनहून आगगाडी आली आणि हें चित्र बदललें. व्हिक्टोरिया राणीला तेथील गर्दी रुचेना. शेवटीं १८५० सालीं नगरानें तो प्रासाद ५३,००० पौंडांस विकत घेतला. राजाच्या अश्वशाळेच्या घुमटाखालीं १८६७ पासून सामान्य लोक गाणें ऐकूं लागले, आणि १८७३ सालीं त्याच आवारांत सार्वजनिक ग्रंथालय व वस्तुसंग्रहालय उघडलें.

परंतु माझ्या मतें हिवाळ्याची खरी देणगी ह्या मोठ्या दालनांत मिळाली नाहीं. ती भाड्याच्या घरांतील साध्या मेजावर मिळाली. मार्गारेट गॅटी ह्या यॉर्कशरमधील एका धर्मोपदेशकाच्या पत्नी. बाळंतपणानंतर प्रकृति ढासळली, म्हणून १८४८ सालीं त्या हेस्टिंग्ज येथें हवापालटासाठीं राहिल्या. तेथें विल्यम हार्वे यांचा समुद्रशेवाळांवरील ग्रंथ त्यांच्या हातीं पडला. हिवाळी वादळें नाना जातींचें शेवाळ किनाऱ्यावर आणून टाकतात. तें घरीं आणून पसरट भांड्यांतील पाण्यांत सोडावें, म्हणजे त्याचे बारीक तंतु आपोआप उमलतात. मग खालून जाड कागद सरकवून अलगद उचलावा, सुईनें फांद्या नीट कराव्या, वर मलमल घालून टिपकागदांच्या थरांत वजनाखालीं दाबावें. शेवाळाच्या अंगच्याच चिकीमुळें बहुतेक जाती डिंकावांचून कागदास चिकटून राहतात. ह्या उद्योगांत घरांतील प्रत्येकाला काम मिळे : लहानांनीं पाणी आणावें, मोठ्यांनीं नांवें लिहावीं. कित्येक घरांत तो केवळ वेळ घालविण्याचा छंद राहिला. गॅटीबाईंनीं मात्र त्याचें शास्त्र केलें. विद्यापीठांचीं दारें स्त्रियांना बंद असतां, मुलाबाळांचा संसार सांभाळून, त्यांनीं सुमारें चौदा वर्षें अभ्यास केला आणि १८६३ सालीं ब्रिटिश समुद्रशेवाळांवर मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा संग्रह पुढें सेंट अँड्र्यूज विद्यापीठाकडे गेला.

वाळलेल्या शेवाळाच्या वहीवर मन तृप्त होईना, तेव्हां जिवंत समुद्रच घरांत आणण्याची हौस सुटली. १८४५ सालीं कांचेवरील कर उठला होता. १८५४ सालीं फिलिप गॉस यांनीं घरगुती मत्स्यालयाविषयीं पुस्तक लिहिलें. वनस्पतींनीं प्राणवायु द्यावा आणि प्राण्यांनीं तो घ्यावा, हा समतोल साधला म्हणजे पाणी वारंवार बदलावें लागत नाहीं, हें त्यांनीं समजावून दिलें. मग दिवाणखान्यांतून कांचेच्या पेट्यांत समुद्रफुलें व खेकडे नांदूं लागले.

या हौसेची किंमत समुद्राला द्यावी लागली. पुस्तक वाचून निघालेल्या हौशी लोकांनीं हातोडे व बरण्या घेऊन खडकांतील डबकीं ओरबाडून काढलीं. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनीं १९०७ सालच्या आपल्या आत्मकथनांत ह्या नासाडीचें वर्णन केलें आहे. आपल्याच पुस्तकांनीं ही वाट दाखविली, याचें वडिलांना फार दुःख झालें, असें ते सांगतात. प्रेमानें पाहावयास शिकविणाराच नाशास निमित्त व्हावा, याहून मोठें शल्य कोणतें?

१८७२ सालीं ब्रायटनला किनाऱ्याच्या रस्त्याखालीं, कमानींच्या लांब दालनांत, सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. त्यांतील मोठ्या हौदांत एक लक्ष गॅलनांहून अधिक पाणी मावे. बाहेर वादळ चालू असतां आईबापें मुलांना घेऊन आंत यावींत आणि ऑक्टोपससमोर थबकून उभीं राहावींत, असा तेथील हिवाळा. आमच्या मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तें ह्याच परंपरेंतलें.

श्रोतेहो, सुट्टींत पाऊस लागला अगर वारा सुटला कीं मुलें कंटाळतात आणि आपण दिवस फुकट गेला म्हणतों. तेव्हां हेस्टिंग्जच्या त्या आजारी बाईंची आठवण ठेवावी. किनाऱ्यावर पडलेलें शेवाळ घरीं आणावें, मेजाभोंवतीं बसून तें एकत्र न्याहाळावें; परंतु जें खडकाला अजून धरून आहे, जिवंत आहे, तें तेथेंच राहूं द्यावें.