मताचा अर्ज आणि त्यावरील पहारा

मतपेटीवरील पहारा जुना. अर्जावरील पहारा मात्र अजून कोवळा आहे. २००३ सालीं सैन्यांतील मतदारांस प्रतिनिधीकरवीं मत देण्याची मुभा मिळाली, तेव्हां त्या प्रतिनिधीच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटास शाई लावण्याचें ठरलें. पण अर्जास शाई कोठें लावावी? आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या शेजारीं, राजुरा मतदारसंघांत, १ ते १७ ऑक्टोबर २०२४ या अवधींत नव्या नांवनोंदणीचे ७,५९२ अर्ज आले. पडताळणींत त्यांपैकीं ६,८६१ अवैध ठरले व पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. हें दार राखलें, तें उंबरठ्यावर जाऊन ‘अमुक येथें राहतात काय?’ असें विचारणाऱ्या सामान्य कर्मचाऱ्यांनीं. खोटें नांव यादींत शिरलें कीं आमचें मत न चोरतांही हलकें होतें. म्हणून त्यांची ही पायपीट आम्ही मोलाची मानतों.