मणी व माळा, ताम्रपाषाणयुगीन (घोड-भीमा खोरे)

पुणे जिल्ह्यात घोड व भीमा नद्यांच्या काठी इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळात नांदलेल्या शेतकरी वस्त्यांत सापडणारे दगड, तांबे, शंख, हस्तिदंत व भाजलेली माती यांचे मणी. मुख्य स्थळे दोन : चांदोली आणि इनामगाव. पहिले पुणे-नाशिक रस्त्यावर, चाकण व राजगुरुनगर मागे टाकून मंचरच्या पुढे घोड नदीकाठी. दुसरे त्याच नदीच्या काठाने खाली, शिरूर तालुक्यात. चांदोली नावाचे दुसरे गाव राजगुरुनगरजवळ आहे आणि याच नावाचे राष्ट्रीय उद्यान सह्याद्रीत दक्षिणेला आहे. त्यांचा या नोंदीशी संबंध नाही.

उत्खनन. दोन्ही ठिकाणी डेक्कन कॉलेजने. चांदोलीचा अहवाल शां. भा. देव व झै. दा. अन्सारी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. तिथला दोन शिंगांसारखी मूठ असलेला तांब्याचा खंजीर अभ्यासकांत जास्त गाजला आणि मणी त्याच्या सावलीत राहिले. इनामगावचे काम १९६८ पासून दीड दशक चालले व त्याचा अहवाल १९८८ मध्ये निघाला. या वस्त्यांच्या संस्कृतीला जोर्वे हे नाव मिळाले ते संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून. तिथले उत्खनन १९५०-५१ चे.

दगड. गारगोटीच्या जातीचे अकीक, कार्नेलियन, कॅल्सेडनी व जॅस्पर. कच्चा माल घरचाच. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत सिलिका साचून हे दगड तयार होतात, पाषाण झिजला की सुटे होऊन नदीच्या वाळूगोट्यांत येतात. चाकण-पिंपरी पट्ट्यात पायासाठी कातळ फोडताना पांढऱ्या-तांबूस गाठी दिसतात, त्याही याच घडणीच्या. मण्यासाठी आधी ठोकून ओबडधोबड आकार, मग वाळूच्या दगडावर घासणे, मग भोक. दगड तांब्यापेक्षा कठीण असल्याने नुसत्या तांब्याच्या टोचणीने भोक पडत नाही. कॅल्सेडनीच्याच बारीक छिद्रकांनी ते पाडत. लांबट मण्याला भोक दोन्ही टोकांकडून आत नेत. मणी उजेडापुढे धरून पाहिला, तर मध्यावर दोन नळ्या किंचित चुकलेल्या दिसतात आणि तिथे एक पायरी राहते. गुळगुळीत पृष्ठभागावरून कारागिराचे काहीच हाती लागत नाही; भोकातून हात, अवजार आणि चूक, तिन्ही कळतात. मण्यांचे वर्णन रंग व आकारावर उरकण्याची पद्धत म्हणूनच अपुरी आहे. लाल रंग पुष्कळदा भाजून आणलेला असतो; खंबायतचे कारागीर अकीक भाजतात ते याच कारणासाठी.

तांबे व धागा. या नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. चांदोली येथे मिळालेल्या तांब्याच्या मण्यांच्या माळेत ओवणीचा दोरा शिल्लक होता व तो जवसाच्या वाखाचा निघाला. नेवासे (प्रवराकाठ, आता अहिल्यानगर जिल्हा) येथे एका लहान मुलाच्या दफनातील तांब्याच्या मण्यांतही दोरा टिकून होता. त्यात कापूस व रेशीम असल्याचे ए. एन. गुलाटी यांनी सांगितले. मोहेंजोदडोच्या सुती अवशेषांची तपासणी टर्नर यांच्यासह करणारे गुलाटी ते हेच.

आपल्या काळ्या मातीत कापड टिकत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि सूत दोन-चार हंगामांत कुजते. मण्याच्या आत मात्र वेगळे घडते. तांबे गंजताना सुटणारे क्षार दोऱ्यात मुरतात. बुरशी व जिवाणूंना ते विषारी असल्याने कुजणे थांबते. पुढे हिरवा गंज तंतूंभोवती घट्ट बसतो आणि वीतभर माळेत बोटभर दोरा तीन हजार वर्षे राहतो. पश्चिम महाराष्ट्रातील त्या काळच्या धाग्याचा हा जवळजवळ एकमेव प्रत्यक्ष पुरावा आहे आणि तो कुणा सरदाराच्या वस्त्रातून आलेला नाही. नेवाशाला तर तो एका पोराच्या गळ्यातून आला.

जवस आज आपल्याकडे तेलासाठी व चटणीसाठी पेरतात. नर्मदाकाठच्या नावडातोली येथे त्याच युगातील जवसाचे दाणे मिळाले आहेत. म्हणून चांदोलीचा वाख स्थानिक पिकाचा असणे शक्य आहे, पण दाणे असणे आणि वाख काढणे या दोन गोष्टी वेगळ्या. जवसाची ताटे पाण्यात कुजवून, झोडून, विंचरून वाख सोडवावा लागतो. ते काम इथे कुणाला तरी येत होते, किंवा दोरा बाहेरून आला.

नेवाशाच्या रेशमाबद्दल एकमत नाही. बहुतेक जण ते रानरेशीम, म्हणजे विदर्भात आजही काढतात त्या कोशाच्या जातीचे, मानतात. हडप्पा व चन्हूदडो येथील मण्यांत व तांब्याच्या दागिन्यांत रानरेशमाचे तंतू असल्याचे २००९ मध्ये सूक्ष्मदर्शकाने दाखवण्यात आले, तेव्हापासून नेवाशाचा दावा अशक्य वाटेनासा झाला. निर्णय मात्र नव्याने तपासणी झाल्यावरच.

दफने. मुलांना घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन आडव्या कुंभांत पुरत. अशा काही दफनांत मणी असतात, बहुतेकांत नसतात. यावरून गरीब-श्रीमंत असा भेद काढण्याचा मोह टाळावा.

अन्यत्र. इनामगावची अखेरची वस्ती चालू असतानाच मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावर ला व्हेंटा येथे ओल्मेक लोक हिरव्या जेडचे मणी, मूर्ती व कुऱ्हाडी कोरत होते. तो दगड ग्वाटेमालातील मोटाग्वा नदीच्या खोऱ्यातून येई. पुढे माया लोक मृताच्या तोंडात जेडचा मणी ठेवू लागले. दोन्ही प्रदेशांचा एकमेकांशी संबंध जोडण्याचे कारण नाही. अडचण मात्र एकच होती : जेड आणि अकीक जवळपास सारखेच कठीण, लोखंड दोघांकडेही नव्हते. तिकडेही दोरी, वाळू व पाणी यांनी कापणे आणि दोन्ही बाजूंनी भोक पाडणे हाच मार्ग होता. दख्खनमध्ये जेड सापडत नाही.

सोने. विरळा. इनामगावला मुशी व तांब्याचा चिमटा मिळाल्याने सोनारकामाचा तर्क केला जातो.

शंख. समुद्रावरून आणलेला, मणी व बांगड्या.

जतन. डेक्कन कॉलेजच्या येरवड्यातील संग्रहालयात इनामगावचे साहित्य पाहता येते. तांब्याच्या वस्तू आम्लाने धुऊन धातू उघडा करण्याची जुनी पद्धत मण्यांना लागू करू नये, कारण गंजाबरोबर आतला दोराही जातो. मणी हाती आल्यावर आधी भोक भिंगाखाली पाहावे, दोऱ्याचा पीळ डावा की उजवा ते टिपावे, मगच माती काढावी.