गाण्यातली जागा

२१ फेब्रुवारी २०२४. सकाळी नऊच्या सुमाराला परतूरहून आत्याचा फोन आला. एरवी ती आधी तब्येतपाणी विचारते, मग घरातल्या एकेकाची चौकशी, मग सोयाबीनचा भाव. त्या दिवशी एकदम म्हणाली, "अमीन सयानी गेले म्हणे रे." आदल्या दिवशी मुंबईत गेले होते, वयाच्या ९१ व्या वर्षी. "हो, पाहिलं टीव्हीवर," मी म्हणालो. पलीकडून जरा वेळ काहीच आवाज नाही. मग ती म्हणाली, "आज बुधवारच आहे बघ."

बुधवार आत्याचा, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. का, ते मात्र तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. थोडं तिच्याकडून, थोडं अण्णांकडून. अण्णा म्हणजे माझे आजोबा, तिचे वडील.

आत्या गाणं शिकलेली नाही, पण मेथी निवडताना, वाती वळताना गुणगुणते. तिचं एक ठरलेलं गाणं आहे, १९५०च्या दशकातल्या एका हिंदी चित्रपटातलं. मुखडा नीट, कडवं निम्म्यापर्यंत नीट, आणि मग चाल खाली उतरते तिथं शब्दच नाहीत. तिथं ती तोंड मिटून नुसती हुंकारत, पण सूर न सोडता पलीकडं जाते आणि शब्द पुन्हा सुरू होतात. आम्हा पोरांना वाटायचं, गाणं असंच आहे. गवई गाण्यात जागा घेतात म्हणतात ना, तशी ही आत्याची जागा.

अण्णा जालन्याच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम होते. निजामाच्या राज्यातली शाळा, त्यामुळे शिक्षण उर्दूतून. खतावणी मोडीत लिहायचे आणि सही उर्दूत करायचे. तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. पण व्यापारानं गाव आधीपासूनच मोठं. 'जालना, सोने का पालना' हे अण्णांच्या तोंडी नेहमी असायचं, आणि म्हणताना त्यांचा आवाज थोडा चढायचा.

रेडिओ त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो मालकाच्या वाड्यात. त्यावर निजाम सरकारचं डेक्कन रेडिओ लागायचं. हैदराबादेत केंद्र आणि औरंगाबादलाही. गाणी, गझला असायच्या, पण अण्णांच्या आठवणीत त्या रेडिओवर गाणं नव्हतंच. होत्या त्या बातम्या. रझाकारांच्या दिवसांत माडीवरची खिडक्या-दारं लावून आठ-दहा माणसं बसायची आणि ऑल इंडिया रेडिओ इतक्या बारीक आवाजात लावलेला असायचा, की पुढच्यानं ऐकून मागच्याला सांगायचं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादच्या शरणागतीची बातमी आली. अण्णा सांगायचे, मालकानं त्या वेळी काय केलं असेल तर काही बोलला नाही, हसला नाही, नुसता उठून बटण फिरवलं आणि आवाज मोठा केला. खाली रस्त्यावर ऐकू जाईल इतका मोठा. "तवा मला कळलं, रेडिओ मोठ्यानंबी लावता येतो." हे वाक्य मी त्यांच्याकडून पन्नास वेळा तरी ऐकलं असेल.

१९५० मध्ये डेक्कन रेडिओची केंद्रं ऑल इंडिया रेडिओकडे आली, आणि दोनच वर्षांत डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. माणूस मराठी, विद्वान, शास्त्रीय संगीताचा मोठा कैवारी. सिनेमाची गाणी त्यांना उथळ वाटायची. त्यांच्या काळात सरकारी रेडिओवरून फिल्मी गाणं जवळजवळ हद्दपारच झालं. त्यांनी कितीतरी गवयांना रेडिओवर मानानं बसवलं, हे मी विसरत नाही. पण शेजारच्या देशानं आपल्या पोरींना गाणी ऐकवावीत आणि आपण ऐकवू नयेत, हे मला आजही पटत नाही. सिलोनकडे दुसऱ्या महायुद्धातला दणकट शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर होता. टूथपेस्टवाल्या कंपनीनं पैसे घातले आणि डिसेंबर १९५२ पासून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठ वाजता. अमीन सयानी बोलायचे मुंबईत, तिथं टेप भरायची, ती विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून समुद्र ओलांडून गाणं परत यायचं. मुंबईहून जालन्याला यायचं तर मनमाडला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसावं लागे. गाण्याला त्याहून लांबचा फेरा पडत होता. ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारनं विविध भारती सुरू केली खरी, पण तोवर लोकांचे कान सिलोनला लागले होते.

आमच्या घरी रेडिओ नव्हता. शेजारी होता. मधे एक भिंत, तिच्या अलीकडं आमचं आंगण आणि मोरी. आत्या तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. शेजारघरात मोठाली पोरं होती, म्हणून दिवेलागणीनंतर तिकडं जायचं नाही असा पणजीचा दंडक. तेव्हा आत्यानं बुधवारची भांडी आपल्याकडं घेतली. इतर दिवशी भांड्यांवरून भांडणारी ही मुलगी बुधवारी पावणेआठलाच भांड्यांचा ढीग घेऊन भिंतीशी बसायची. राखेनं तांब्या घासायचा, पण गाणं लागलं की हात थांबवायचा, कारण घासण्याच्या आवाजात ऐकू येत नाही. गाणं संपून सयानी बोलायला लागले की पुन्हा घासायचं. एका तासात एकच तांब्या. "आरशासारखा व्हायचा बघ," ती सांगते. "आई म्हणायची, बुधवारी पोरीचा हात चांगला चालतो."

शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा येतो नि जातो. रात्रीच्या त्या दूरच्या लहरी वर आकाशातल्या थरावर आपटून खाली येतात आणि तो थर काही एके जागी ठरत नाही. त्यात मधे दगडमातीची भिंत. वरच्या पट्टीतले शब्द आत्यापर्यंत पोचायचे, पण गाणारी खाली उतरली की खरखरीत शब्द बुडून जायचे आणि चालीची नुसती सावली यायची. विचारणार कोणाला? विचारलं तर ऐकतेस हे कळणार. आत्यानं जेवढं आलं तेवढं घेतलं. ते गाणं गीतमालेत होतं तितके आठवडे तिनं ते ऐकलं आणि तितके आठवडे तिथं तेवढंच ऐकू आलं. ती जागा अशी झाली.

१९६३ मध्ये तिचं लग्न होऊन ती परतूरला गेली. अण्णांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. लोक रेडिओ द्यायला लागले ते पुढं, पण आत्याच्या मनात घड्याळाचा सल राहिला, असं मला वाटतं. ती कधी बोलली नाही. "अण्णांना गाण्याचं कायी नव्हतं," एवढंच म्हणायची.

आईकडचे मामा मंठा तालुक्यातले. त्यांच्या तरुणपणचं गाणं ऐकायला बुधवारची वाट पाहावी लागली नाही. ते खडी फोडताना कानावर पडलं. १९७२ चा दुष्काळ. सोळा वर्षांचे मामा, हातात घण, पुढ्यात खडीचा ढीग. दुपारी सुट्टी झाली की मुकादम आपला ट्रान्झिस्टर बाभळीच्या फांदीला अडकवायचा. त्याच वर्षी दादा कोंडक्यांचा 'एकटा जीव सदाशिव' आला होता. रेडिओवर ती गाणी लागली, की दीडशे-दोनशे माणसं ओठांवर फुफाट्याचा थर घेऊन हसायची. कामावर सुकडी मिळायची आणि घरी मिलोची भाकरी. लाल, चिवट, घशाखाली न उतरणारी. आता त्यांचं वय सत्तरीच्या आसपास. मध्यंतरी एका लग्नात बँडवाल्यांनी नेमकी तीच चाल धरली. सगळे नाचायला उठले, मामा मात्र ताट बाजूला सारून बसून राहिले. मी जवळ गेलो तर म्हणाले, "तोंडात मिलो आला रे." पण नजर बँडवरून हलत नव्हती, आणि पायाचा अंगठा ताल धरून होता.

मामांच्या तरुणपणी लग्नाला भोंगा लागायचा. चाभी देऊन वाजवायचा फोनो, त्यावर काळी तबकडी, आणि लिंबाच्या शेंड्याला बांधलेला कर्णा. प्रल्हाद शिंद्यांचा खडा आवाज त्या कर्ण्यातून चार गावं ओलांडायचा. ऐंशीच्या दशकात त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे कॅसेटवर आले आणि 'पोपट' मराठवाड्यातल्या प्रत्येक काळी-पिवळीत बसला. चौदा एप्रिलला भीमनगरातून त्याच घराण्याची भीमगीतं दिवसभर यायची. माझ्या वर्गातला एक मित्र तिथं राहायचा. त्याला वामनदादा कर्डकांची गाणी पाठ होती, आणि मला कुमार सानूची. आम्ही दोघं सायकलवरून डबलसीट जाताना आलटून-पालटून म्हणायचो. विद्यापीठाच्या नामविस्ताराच्या वेळी, १४ जानेवारी १९९४ ला, तो मोठ्यानं गात होता आणि मी सायकल मारत होतो. माझ्या तरुणपणच्या गाण्यांत ते गाणंही आहे. ते माझं नव्हतं, असं मला कधीच वाटलं नाही.

आता माझी कॅसेट.

मी १९७४ चा. सोळाव्या वर्षी 'आशिकी' आला. नदीम-श्रवणचं संगीत, टी-सीरिजची कॅसेट, आणि आख्खं जालना त्या गाण्यांनी भरून गेलं. रसवंतीवर तीच, एसटी स्टँडवर तीच, सराफ्यात तीच. बाजाराजवळ एक दुकान होतं, तिथं कॅसेट भरून द्यायचे. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, दोन दिवसांनी न्यायला जायचं. कोरी कॅसेट आपली असेल तर पैसे कमी. माझ्याकडं कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते. घरात मात्र कपाटात एक कॅसेट पडून होती, तिच्यावर नाव नव्हतं.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बाजूंना प्लास्टिकच्या दोन बारीक चकत्या असतात. त्या मोडून टाकल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. वडिलांनी त्या मोडल्या नव्हत्या. त्यांना वाटलं असेल, घरातली कॅसेट, कोण हात लावणार! त्यांनी दोन वर्षांपूर्वी मित्राचा टेप मागून आणून एका दुपारी अण्णांना बोलतं केलं होतं. वाडा, रझाकार, मोंढा, शेजारीपाजारी, सगळं. अण्णा त्यानंतर सहा महिन्यांनी गेले होते.

मी यादीत लिहिलेली गाणी दुकानदारानं नीट भरली. त्याची काही चूक नाही. त्या बाजूची गाणी संपली आणि टेप बंद न करता मी तसाच पडून राहिलो, म्हणून कळलं. खरखर झाली, खट् असा आवाज झाला, आणि अण्णांचा खोकला. मग आठ-दहा सेकंद त्यांचा आवाज: "…मी म्हणलो, वैनी, रेडिओ जरा मोठ्यानं लावत जा. एवढं…" आणि पट्टी संपली. दुसरी बाजू शेवटपर्यंत गाण्यांनीच भरलेली.

वडिलांनी एक शब्द उच्चारला नाही. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं. बाकी कोणाला मी सांगितलं नाही. कॅसेट मात्र जपली. रीळ सैल झालं की पेन्सिल घालून फिरवायची, पावसाळ्यात बुरशी येऊ नये म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवायची. ती गाणी आज कुठंही लागली, रोलिंग मिलच्या गेटवरच्या टपरीवर, बिहारकडची पोरं आपल्या भोजपुरी गाण्यांच्या मधे एखादं जुनं लावतात तेव्हा, तर शेवटच्या गाण्यानंतर माझा श्वास अडकतो. पुढं खोकला येईल असं वाटतं.

त्या वाक्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला होता. वाड्यातली गोष्ट, बातम्यांचे दिवस, मालकीणबाईंना उद्देशून काही म्हणाले असतील. अण्णांचा आवाज शिल्लक आहे एवढ्यावरच मी थांबलो होतो.

आत्याच्या त्या फोननंतर मी संभाजीनगरला जाऊन एकाकडून कॅसेट मोबाइलवर घेतली आणि रविवारी परतूर गाठलं. ती ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. आधी मी तिचं गाणं लावून दिलं, मूळचं, पूर्ण. मोबाइलवर आता ते लख्ख ऐकू येतं. तिची जागा आली तसा तिचा हात थांबला. साडेसहा दशकांनी ते शब्द तिच्या कानावर पडले. ऐकून म्हणाली, "असं आहे होय!" आणि पुन्हा सोलायला लागली. चांगलं की वाईट, काही म्हणाली नाही.

मग मी कॅसेटची गोष्ट सांगितली, सगळी, चकत्यांसकट. आणि शेवटचे ते आठ-दहा सेकंद लावले. खोकला. "…मी म्हणलो, वैनी, रेडिओ जरा मोठ्यानं लावत जा. एवढं…"

"पुन्हा लाव," आत्या म्हणाली.

पुन्हा लावलं. तिनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं.

"वैनी म्हणजे शेजारच्या. गल्लीत सगळे त्यांनाच वैनी म्हणायचे. अण्णाबी." मग बराच वेळ ती भिंतीकडं पाहत राहिली. तिथं ते घड्याळ आहे, बंद पडलेलं. "पहिल्या साली नीट ऐकू येत नव्हतं. मग आवाज वाढला. मला वाटलं, त्यांनी नवीन रेडिओ घेतला."

तोवर ते गाणं गीतमालेतून उतरलं होतं.